बुधवारची रात्र, रविवारची दुपार

रात्रीचे अकरा चाळीस झाले होते. ओटा आवरून झाला होता, सासूबाईंच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सची असाइनमेंट बुधवारी रात्री 11:59 पर्यंत भरावी लागते. सातवा आठवडा होता. दहापैकी नऊ प्रश्न सोडवून झाले होते. दहावा असा होता: दोन गोष्टींमधला सहसंबंध गुणांक (त्या एकमेकींबरोबर किती वाढतात-घटतात ते सांगणारा आकडा) शून्य आला, तर त्या दोघींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही असं म्हणता येईल का?

प्रश्न दोनदा वाचला. डोळे मिटत होते. मग शेजारी दुसरी खिडकी उघडून कोर्सचं नाव आणि आठवड्याचा आकडा टाकला. उत्तरांचा व्हिडिओ सगळ्यात वरच होता. त्यात सांगितलं होतं, ‘होय’. मी ‘होय’वर टिक केली आणि सबमिट केलं. 11:52 झाले होते. घरात सगळे झोपले होते. कुणी पाहिलं नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात 21 वर्षं भूगोल शिकवते आहे. आमच्या मुलांना आता स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरचे, एनपीटीईएलसारखे, कोर्स करून क्रेडिट मिळवता येतात. एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत विषय असे घेता येतील, अशी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची 2021 ची नियमावली आहे. आकडेवारीच्या विश्लेषणाचा बारा आठवड्यांचा कोर्स मुलांना घ्यायला लावायचा, तर आपण आधी बसायला हवं म्हणून मीही नाव नोंदवलं. आमच्या गटाची मेंटॉर मीच, त्यामुळे मुलांचे गुण मला दिसतात.

शुक्रवारी स्टाफरूममध्ये ते पान उघडलं. सातव्या आठवड्याच्या रकान्यात वरून खाली 90, 90, 90, 90. दोन जागा रिकाम्या होत्या, त्यांनी भरलंच नव्हतं. एका मुलीचे 60 होते. माझेही 90 होते. व्हिडिओतलं उत्तर चुकीचं होतं.

एरवी तो रकाना पाहून मला बरं वाटलं असतं. पोरं अभ्यास करतायत, असं मी प्राचार्यांना सांगितलंही असतं. पण त्या दिवशी ते आकडे मला वाचता आले, कारण ते कसे आले हे मला आतून ठाऊक होतं.

दुपारी ती 60 वाली मुलगी दारात येऊन उभी राहिली. तोंड उतरलं होतं. ‘मॅडम, सगळ्यांत कमी मलाच आहेत.’ तिची वही घेऊन पाहिली. चार प्रश्न चुकले होते, पण दहावा बरोबर होता. ‘हा कसा सोडवलास?’ म्हटलं. ‘आकृती काढून बघितली मॅडम.’ तेवढ्यात तासाची घंटा झाली. ‘छान केलंस, उत्तरं मागून लिहू नकोस, अशीच कर,’ एवढं म्हणून मी निघाले. माझे 90 कसे आले, ते तिला सांगायला हवं होतं. त्या दिवशी नाही सांगता आलं.

ज्यांनी हे कोर्स केलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बारा असाइनमेंटमधल्या सर्वोत्तम आठ धरतात आणि त्यांना 25 गुण असतात. शेवटी केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, संगणकासमोर बसून परीक्षा द्यायची, तिला 75. प्रमाणपत्र हवं तर असाइनमेंटमध्ये 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30 गुण लागतात. म्हणजे एकाच कोर्सात दोन परीक्षा आहेत, एक बिनपहाऱ्याची आणि एक पहाऱ्यातली. घरी बसून करायच्या ऑनलाइन पदवीसाठीही यूजीसीच्या 2020 च्या नियमावलीत सत्राच्या मधल्या मूल्यमापनाला जास्तीत जास्त 30 टक्के आणि सत्रअखेरीला किमान 70 टक्के असंच ठेवलं आहे. नियम करणाऱ्यांचा घरातल्या परीक्षेवर किती विश्वास आहे, ते या वाटणीतच दिसतं.

हा अविश्वास आमच्यातही कसा पक्का झाला, हे आमच्या पिढीच्या शिक्षकांना सांगायला नको. 28 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही. बाहेर कोरोना होता. मग त्या ऑक्टोबरात मुलांनी घरून, बहुतेकांनी मोबाइलवर, बहुपर्यायी प्रश्न सोडवले. कुणी गच्चीवर बसून, कुणी रेंजसाठी डोंगराच्या कडेला गाडी लावून. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं फिरली, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. निकाल लागले तेव्हा पेढे वाटले गेले. त्याच बॅचच्या काही मुलांना पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘तुम्ही कोरोना बॅचचे ना?’ असं विचारलं गेलं. त्यातली कितीतरी मुलं मनापासून अभ्यास करणारी होती. चोरी करणाऱ्याच्या गुणांवर डाग पडतो, तसाच न करणाऱ्याच्याही पडतो, आणि तो पुसायला त्याच्या हातात काही नसतं. बिनपहाऱ्याच्या परीक्षेचं सगळ्यात मोठं नुकसान मला हे वाटतं.

पुढच्या वर्षी यावर इलाज म्हणून कॅमेरा आला. कॉलेज आणि यंत्रणा कोणती, ते इथे सांगत नाही. मला देखरेखीची ड्यूटी होती. पडद्यावर वीस चौकोन, प्रत्येक चौकोनात एक चेहरा. ड्यूटी म्हणजे नुसतं बघायचं. बोलायची सोय नव्हती. खरी राखण सॉफ्टवेअर करणार होतं: मान वळली, आवाज आला, दुसरं माणूस दिसलं, की इशारा. असे इशारे ठरावीक संख्येच्या वर गेले की पेपर बंद.

खालच्या ओळीतल्या एका चौकोनात एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती. मागे पत्र्याचं कपाट, त्यावर घडी केलेली अंथरुणं. एका खोलीचं घर. थोड्या वेळाने तिची आई पाण्याची कळशी घेऊन मागून गेली. नळाला पाणी आलं असणार, ते काही परीक्षेची वेळ बघून येत नाही. आई वाकून, भिंतीला चिकटून जात होती. आपण दिसू नये म्हणून पदराने तोंड झाकून घेतलं होतं तिने. पहिल्या खेपेला इशारा आला. दुसऱ्या खेपेला मुलीने हाताने आईला थांब म्हणून खूण केली, तर त्या हलण्याचाही इशारा मोजला गेला. मग तिचा चौकोन काळा झाला.

मी माझ्या घरात खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. पण मला काहीच करता येत नव्हतं. वर्गात असते तर दोन पावलं टाकून तिच्याजवळ गेले असते. ईमेल केले, अर्ज लिहून दिला, ‘मी स्वतः पाहिलं आहे’ असं सही करून दिलं. तिचा निकाल कित्येक आठवडे राखीव राहिला. शेवटी लागला, पास झाली. पण तिची आई नंतर कॉलेजात आली तेव्हा मला म्हणाली, ‘बाई, माझ्यामुळं झालं ना?’ या प्रश्नाचं उत्तर त्या यंत्रणेतल्या कुणीतरी द्यायला हवं होतं.

असाच प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला होता, हे मला नंतर कळलं. ओहायोमधल्या क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला परीक्षेआधी कॅमेऱ्याने खोली फिरवून दाखवायला सांगितली. तो दावा घेऊन गेला. ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या फेडरल न्यायाधीशांनी निकाल दिला की राहत्या खोलीची अशी पाहणी म्हणजे घराची झडतीच, आणि त्यांच्या घटनेतल्या चौथ्या दुरुस्तीने दिलेल्या संरक्षणाचा तो भंग आहे. ‘झडती’ हा शब्द वाचला आणि कळशी घेऊन वाकून चाललेली ती बाई डोळ्यांसमोर आली.

पहारा म्हटला की मला मात्र आमचा परीक्षा हॉल आठवतो, आणि तिथल्या पहाऱ्यावर माझं प्रेम आहे, हे लपवून ठेवत नाही. ब्लॉकवर सुपरव्हिजनला गेलं की आधी हॉल तिकीट आणि चेहरा पडताळायचा, बारकोडचं स्टिकर सरळ लागलंय ना बघायचं, उत्तरपत्रिकेवर सही करायची. सही करायला वाकलं की मुलाचा हात दिसतो. कुणाचा घामाने ओला, कुणाचा थंडगार. एखादा पोरगा पहिल्या अर्ध्या तासात एक अक्षरही लिहीत नाही. त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणायचं, ‘पाणी पी. येतंय ते आधी लिही.’ यात कुठला नियम मोडत नाही. शिपाईमामा पाण्याचा जग घेऊन फिरतात. शेवटची घंटा जवळ आली की आपणच म्हणायचं, ‘दहा मिनिटं राहिली, पुरवण्या बांधून घ्या.’ दोऱ्याची गाठ मारताना ज्याची बोटं थरथरतात, त्याची गाठ आपण मारून द्यायची. संशय तिथेही असतो, पण त्याच्या बरोबरीने सोबतही असते. कॅमेऱ्याकडे त्यातली सोबत नाही.

हॉलमध्ये सगळं स्वच्छ असतं असं म्हणायला मात्र जीभ धजावणार नाही. खिडकीतून चिठ्ठ्या, मायक्रो झेरॉक्स, भरारी पथक गेटवर पोचायच्या आधी आत पोचलेली बातमी, हे सगळं मी पाहिलेलं आहे. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 1982 पासून कायदा आहे, आणि तरी दर फेब्रुवारीत कॉपीमुक्त अभियान राबवावंच लागतं. पहारा बसवला म्हणजे खरे गुण आले, हेही गृहीत धरता येत नाही.

मग बिनपहाऱ्याचे गुण अगदीच खोटे असतात का? कोर्सच्या निमित्ताने मी यावरचं थोडं वाचलं. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या जेसन चॅन आणि दाह्वी आह्न यांनी 2020 च्या त्या अर्धवट सत्राचा उपयोग करून घेतला. सत्राचा पहिला भाग वर्गात, पहाऱ्यातल्या परीक्षांचा. मार्चनंतरचा भाग घरून, बिनपहाऱ्याचा. मुलं तीच, शिक्षक तेच. 18 विषय, दोन हजारांवर विद्यार्थी. दोन्ही भागांतल्या गुणांचा सहसंबंध 0.59 आला (1 म्हणजे पूर्ण जुळणी). 2023 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि घरच्या परीक्षेतूनही मुलाला काय येतं ते बऱ्यापैकी कळतं, असं म्हटलं.

वाचून आधी आनंद झाला. मग सातव्या आठवड्याची आठवण होऊन मी जरा थांबले. सहसंबंध ढोबळमानाने क्रम सांगतो: जो पुढे होता तो पुढेच राहिला का. सगळ्यांचे दहा-दहा गुण वाढले तरी तो गुणांक तसूभर हलत नाही. म्हणजे सगळ्यांनी सारखीच कॉपी केली, तरी हुशार मूल पुढेच दिसेल आणि आकडा चांगलाच येईल. वेल्समधल्या स्वॉन्झी विद्यापीठातल्या न्यूटन आणि एसेक्स यांनी दुसऱ्या बाजूने पाहिलं. मुलांनी स्वतः दिलेल्या कबुलीवरचे 19 अभ्यास, 4,672 विद्यार्थी. ऑनलाइन परीक्षेत कधीतरी गैरप्रकार केल्याचं 44.7 टक्क्यांनी सांगितलं. कोरोनाआधीच्या अभ्यासांत हे प्रमाण 29.9 टक्के होतं, कोरोनाकाळात 54.7. कारणांत सगळ्यात पुढे काय होतं? संधी मिळाली म्हणून.

मला हे दोन्ही अभ्यास एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. निम्म्या मुलांनी कधी ना कधी उत्तर बघितलं असेल आणि तरी गुणांचा क्रम बराचसा टिकला असेल. मीही एकच प्रश्न चोरला होता, नऊ सोडवले होते. चोरणारी आणि न चोरणारी अशी माणसांची दोन टोपल्यांत विभागणी होत नाही. तेच माणूस साडेदहाला प्रामाणिक असतं आणि बारा वाजायला आले की दमलेलं असतं.

पण ते सगळे आकडे चॅटजीपीटी यायच्या आधीचे आहेत. नोव्हेंबर 2022 नंतर घरच्या परीक्षेचा पायाच हलला. आधी उत्तर शोधावं लागायचं, कुणाला तरी विचारावं लागायचं. आता प्रश्नाचा फोटो काढला की कारणांसकट उत्तर येतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात 1921 पासून विद्यार्थ्यांची आचारसंहिता होती आणि तिच्या जोरावर परीक्षेत पर्यवेक्षक नसायचे. 2023 मध्ये तिथेही पर्यवेक्षक प्रायोगिक तत्त्वावर ठेवून बघायचं ठरलं. शंभर वर्षांची सवय मोडताना त्यांना काय वाटलं असेल, याचा मी बराच विचार केला.

माझं मत या दोन-तीन वर्षांत पक्कं झालं आहे. कोर्स ऑनलाइन असो, शिकवणारा दिल्लीत असो की मद्रासला, शेवटची परीक्षा माणसाने माणसाच्या समोर द्यावी. केंद्र लांब नको, तालुक्याला हवं. दुष्काळी भागातल्या मुलीने परीक्षेसाठी चार तास एसटीत का बसावं? तिच्या स्वयंपाकघरात मात्र कॅमेरा नेऊ नये. हा खर्च शाळा-कॉलेजांच्या खोल्यांवर, सुपरवायझरच्या मानधनावर, पिण्याच्या पाण्यावर करावा. पैसा कमी पडतो म्हणून घराची झडती घ्यायची, हे मला मान्य नाही.

आणि बुधवारची असाइनमेंट काढून टाकू नये. तिची किंमत 25 गुणांत नाहीच. शिकणं तिथेच होतं. एकटं बसून, वही उघडून, चुकत, पुन्हा करत. हॉलमध्ये चुकायला वेळ नसतो. माझ्या स्वतःच्या विषयात मी आता घरचे प्रश्न बदलले आहेत. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय’ असं विचारत नाही. आपल्या गावच्या विहिरीची पाण्याची पातळी चार महिने दर रविवारी मोजा, आजीला विचारून तिच्या लग्नाच्या वेळी पाणी कुठवर असायचं ते लिहा, आणि फरक का पडला ते सांगा, असं विचारते. जमा केल्यावर प्रत्येकाला पाच मिनिटं समोर बसवते आणि त्याच्याच लिखाणातलं एक वाक्य वाचून ‘हे कसं?’ एवढंच विचारते. साठ मुलांना पाच तास लागतात, कधी जास्तच. लागू देत. त्या पाच मिनिटांत मूल बोलायला लागलं की त्याला काय येतं आणि काय येत नाही, ते लख्ख दिसतं. घरचे गुण आणि हॉलमधले गुण मी वहीत शेजारी-शेजारी लिहिते. ज्याच्या दोन आकड्यांत मोठी दरी दिसते, त्याला बोलावून घेते. बहुतेक वेळा चोरी नसते. घरी शांतपणे छान लिहिणारी मुलगी हॉलमध्ये घाबरून गप्प होते, असंही असतं.

आमची परीक्षा रविवारी होती, कोल्हापूरला, दुपारी 2 ते 5. सकाळच्या एसटीने निघालो, मी आणि अकरा मुलं. डबे घरून घेतले होते. केंद्रावर रांगेत मीही माझ्या विद्यार्थ्यांच्या मागे हॉल तिकीट आणि आधार कार्ड घेऊन उभी राहिले. दारातल्या मुलाने माझ्याकडे आणि फोटोकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘या काकू, शेवटची रांग.’ तो माझ्या मुलाच्या वयाचा असेल. तीन तासांत तो दोनदा माझ्या मागून गेला. आपल्यावर कुणाची तरी नजर आहे, हे इतक्या वर्षांनी पुन्हा अनुभवलं. भीती नाही वाटली. एकटं वाटलं नाही, असं म्हणते.

परत येताना कऱ्हाड जवळ आलं तेव्हा अंधार पडला होता. ती 60 वाली मुलगी माझ्या शेजारी बसली होती. हॉल तिकिटाच्या पाठकोऱ्या बाजूवर पेनने काहीतरी काढत होती. मी विचारलं, तेव्हा कागद पुढे केला. पाच ठिपके होते. उणे दोनला चार, उणे एकला एक, शून्याला शून्य, एकला एक, दोनला चार. वाटीसारखा आकार. ‘सहसंबंध काढला तर शून्य येतो मॅडम. पण एक कळलं की दुसरं नेमकं सांगता येतं. म्हणजे संबंध पूर्ण आहे, फक्त सरळ रेषेतला नाही.’ मग तिने वाटी उलटी काढली. एका टोकाला गुहागर लिहिलं, मग चिपळूण, माथ्यावर कोयनानगर, उतारावर पाटण, कऱ्हाड, शेवटी दहिवडी. ‘तुम्हीच शिकवलंय ना, समुद्राकडनं घाटापर्यंत पाऊस वाढतो, मग देशावर उतरला की कमी होतो. इथं नेमका शून्य नाही येणार. पण नुसता गुणांक बघून घाटाचं काहीच कळणार नाही.’

21 वर्षं मी तो उतार फळ्यावर काढते आहे.

‘तुम्ही सातव्या आठवड्यात कुठला पर्याय दिला होता मॅडम?’

‘होय,’ मी म्हणाले. मग तो व्हिडिओ, ती वेळ, सगळं तिला सांगितलं. मागच्या सीटवरची मुलं ऐकत होती, हे माझ्या लक्षात आलं होतं. आवाज कमी केला नाही.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एकजण म्हणाला, ‘आम्ही पण तोच बघितला होता मॅडम.’ दुसऱ्याने विचारलं, ‘ते वाटीचं काय म्हणत होती ती?’

तिने हॉल तिकीट मागे दिलं. ड्रायव्हरने आतले दिवे बंद केले होते. मागच्या सीटवर मोबाइलचा टॉर्च लागला.